पहिल्या हाकेला

"अगो, थांब. ओ देऊ नकोस."

काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की हातातली एक बांगडी वाढली. फुटली म्हणायचं नसतं, म्हणून वाढली. लग्न होऊन मी या घरात नुकती कुठे आले होते, चुडा अजून हिरवागार होता, आणि सासूच्या हातून बांगडी वाढावी हे मला मुळीच बरं वाटलं नाही.

दिवे नुकते लागले होते. मी पडवीत तांदूळ निवडत होते आणि कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींनी मला हाक मारली होती. मी मिरजेची. आमच्याकडे हाक आली की माणूस आधी "आले, आले" म्हणत उठतं आणि कोणी मारली ते मागून बघतं.

"वहिनींचा आवाज आहे," मी म्हटलं.

"आवाज कोणाचाही काढता येतो. तिसरी हाक येऊ दे."

दुसरी आली. काकूंची बोटं सैल झाली नाहीत. तिसरी आली ती चांगली वैतागलेली. तेव्हा कुठे त्यांनी माझा हात सोडला आणि काही घडलंच नाही अशा सुरात म्हणाल्या, "जा आता. माणूसच आहे."

तो समज कोकणातल्या त्या गावात सगळ्यांचाच होता. दिवेलागणीनंतर हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. बाहेरचं जे असतं ते दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारतं ते माणूस. पहिल्याच हाकेला जो ओ देईल त्याला ते घेऊन जातं. गावातले लोक हे सांगायचे आणि सांगता सांगता हसायचेही. आमच्या घरात मात्र कोणी हसत नव्हतं.

आणि आमच्या घरात तो नियम भर दिवसाही चालायचा. पानं वाढली म्हणून हाक मारावी, तर बापू, म्हणजे माझे सासरे, खळ्यात सुपाऱ्या उलटत तसेच बसलेले. पुन्हा हाक मारावी, ढिम्म. तिसऱ्या हाकेला हात झटकून उठायचे. माझा नवरा मुकुंद तालुक्याच्या शाळेत शिकवायचा. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायची, मनात मुकुंदच. शाळेतला हा बोलका मास्तर घरात शिरला की बापूंसारखाच व्हायचा. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "अहो, भर दुपारी कुठलं भूत येतंय तुम्हाला आमटी वाढायला?"

तो हसला नाही. "सवय आहे या घरची," एवढंच म्हणाला.

माझ्या मेल्या तोंडाला गप्प बसणं जमत नाही. त्या घरात माझे दोन-तृतीयांश शब्द वाया जायचे आणि मला रडू यायचं. तिघंही मायेची माणसं होती. पण कोणी कोणाकडे चटकन वळून बघत नसे. जेवताना ताटाकडे बघायचं, नाहीतर दाराकडे.

आणखी एक गोष्ट मला खटकली होती. मुकुंद स्वतःच्या आईला 'काकू' म्हणायचा. पूर्वी घरात चुलतभावंडं होती, ती काकू म्हणत, त्यांचं ऐकून तोही म्हणू लागला. असं पुष्कळ घरांत असतं. म्हणून गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना विचारलं, "मी तुम्हाला आई म्हणू का?"

काकूंच्या हातातली पळी थांबली. "नको," त्या म्हणाल्या. "काकू म्हण. आई तेवढं म्हणू नकोस हां कधी."

माझी आई मी लहान असताना गेली. हा शब्द कोणाला तरी म्हणायला मिळेल या आशेनं मी घाट उतरून आले होते. मला फार लागलं ते, पण मी काकूच म्हणू लागले.

घरामागे आमचं आगर होतं, नारळी-पोफळीचं. त्याच्या पार टोकाला विहीर. आता तिला चांगला छातीएवढा कठडा आहे, तेव्हा नव्हता. जमिनीच्या बरोबरीनं काळं तोंड उघडलेलं, आणि आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या. शिंपण्याचं काम बापू एकटे करत. काकू आगरात पाऊल टाकत नसत. चटणीला नारळ हवा असला तरी बापूंची वाट बघत बसत. दिवेलागणीला मागचं दार सगळ्याच बायका लावतात, लक्ष्मी निघून जाऊ नये म्हणून. काकू त्याला अडसर घालत आणि वर दगडी पाटा लोटून ठेवत. लक्ष्मीला अडवायला एवढा मोठा पाटा कशाला लागतो, हे मी मनातच ठेवलं.

माघ महिना होता. दुपारपासून पंप पाणी ओढत नव्हता. बापू दोनदा जाऊन बघून आले होते. ऊन कलल्यावर "नळीत कायतरी अडकलंय" असं पुटपुटत ते परत आगरात गेले. खाडीकडून धुकं चढायला लागलं. पोफळींची खोडं बुंध्यापासून पुसली गेली आणि वर नुसत्या शेंड्या उरल्या.

काकूंनी देवापाशी दिवा लावला आणि मागच्या दाराला अडसर घातला.

"काकू, बापू यायचेत अजून," मी म्हटलं.

"ते पुढून येतील," असं म्हणून त्यांनी पाटा दाराशी लोटला.

मुकुंद ओटीवर वह्या तपासत होता. मी चुलीपुढे. काकू पडवीत वाती वळत होत्या. पंपाचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते. तो येत नव्हता, रातकिडेही गप्प होते. मला उगीचच अस्वस्थ वाटायला लागलं.

मग हाक आली.

"अगोऽऽ!"

एकदाच. घरात 'अगो' म्हणून बापू फक्त काकूंना हाक मारत. आवाज त्यांचाच होता, पण खालून आल्यासारखा, ओला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर मुकुंद ओटीवरून आत आलेला, चेहरा पांढराफटक. काकू जागच्या हलल्या नव्हत्या. हातातली वात मात्र त्यांनी चिमटीत पार चोळामोळा केली होती.

"बापू आहेत," मुकुंद म्हणाला.

"बापू असतील तर परत हाक मारतील," काकू म्हणाल्या. "बस खाली."

आणि मुकुंद, एवढा उंचापुरा माणूस, खाली बसला. मी बघतच राहिले.

आम्ही तिघं दुसऱ्या हाकेची वाट बघत होतो. दिव्याची ज्योत सरळ उभी होती. मला वाटलं, येईल आता, आली की मीच मनात तिसरी मोजून टाकीन. पण दुसरी येतच नव्हती. आणि काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू जे दिसायला लागलं, ते पाहून मला धुक्यापेक्षा त्यांचीच भीती वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुसरी हाक आली नाही याचं समाधान.

"बघ," त्या अगदी हळू म्हणाल्या. "नव्हतेच ते."

मी पाट्याला हात घातला.

"मुकुंदा, धर तिला! अरे, धर!"

मुकुंद उठला, पण त्यानं मला धरलं नाही. पाटा बाजूला झाला, अडसर निघाला, दार उघडलं आणि गार वारा आत आला. तेव्हा मी छाती भरून ओ दिली. "ओऽऽ! आले बापू, आले!" माझ्या मागे काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

मी कंदील घेऊन धावले. पायाखाली पाण्याचा पाट होता, झावळ्या होत्या, काय काय होतं. खरं सांगते, निम्म्या वाटेवर मला वाटलं, काकूंचंच खरं असेल तर? विहिरीत कोणीच नसेल तर? तरी पाय थांबले नाहीत.

विहिरीत बापू होते. पायरीचा चिरा निसटून ते खाली गेले होते. पंपाच्या नळीला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, पाणी ओठांपर्यंत. तोंड उघडलं असतं तर पाणी आत गेलं असतं. दुसरी हाक त्यांना मारताच येत नव्हती. कंदिलाच्या उजेडात ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मी घराकडे वळून ओरडले, "अहो!"

एकदाच ओरडले आणि मुकुंद आला. दोर खांद्यावर घेऊनच आला. लग्नानंतर माझ्या पहिल्या हाकेला तो प्रथमच आला होता, आणि त्याही वेळी, तसल्या अवस्थेतही, मला त्याचं बरं वाटलं.

बापूंना वर काढलं, घरी आणलं. गावातले डॉक्टर येऊन गेले. घोटा सुजला होता, बरगडीला मार होता, अंगात कणकण भरली होती. जिवावरचं टळलं. काकूंनी पाणी तापवलं, निखारे करून शेक दिला, सगळं केलं. फक्त बोलल्या नाहीत. एकदाच मुकुंदला विचारलं, "ही कितव्या हाकेला गेली?" त्यानं उत्तर दिलं नाही. त्यांनी तिसऱ्यांदा तर सोडाच, दुसऱ्यांदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंद नळी मोकळी करायला विहिरीवर गेला. मी चहा घेऊन गेले. तो काठापासून लांब, एका पोफळीला टेकून बसला होता. मी कप पुढे केला तर त्यानं तो न घेता माझं मनगट हातात घेतलं.

"काकूनं माझंही असंच धरलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"वेणू गेली तेव्हा. माझी धाकटी बहीण."

या घरात एक मुलगी होती हे मला तेव्हा कळलं. ना तिचा फोटो, ना नाव. मी त्याच्या शेजारी बसले.

"चुलतभावंडं मुंबईला गेली, त्यानंतरची ती. त्यामुळे काकूला आई म्हणणारी घरात ती एकटीच. पडलेल्या सुपाऱ्या वेचत इथवर आली असेल. दिवे लागले होते. आगरातून 'आई' म्हणून हाक आली. एकदाच. मी उठलो. काकूनं माझं मनगट धरलं. म्हणाली, थांब, दुसरी येऊ दे."

"आली?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "बापू बाजारातून आले, कंदील घेऊन शोधायला निघाले, तेव्हा..." तो विहिरीकडे बघत नव्हता. "काकू वेडीपिशी झाली. बापूंना धरून एकच विचारत होती, ती हाक वेणूची होती का, वेणूची होती का. बापूंचा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी देवावर हात ठेवून सांगितलं, नाही, वेणू आधीच गेली होती. हाक मारली ते दुसरंच होतं. तू गेली असतीस तर तुलाही नेलं असतं."

"आणि तिनं मानलं?"

"मानलं म्हणून जगली. मग बापूंनी नियमच करून टाकला. दिवसासुद्धा पहिल्या हाकेला वळायचं नाही. तिला कधी वाटू नये, की माणसं पहिल्याच हाकेला जातात. जाता येतं."

मी ज्याला थंडपणा समजत होते, ती बापूंची माया होती. एका बाईला जगवायचं म्हणून तिघं जण अर्धवट जगत होते.

दुपारी मी बापूंना पेज भरवत होते. तेवढ्यात काकू आत आल्या आणि कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"काल तुम्ही मला हाक मारलीत?"

बापूंनी घास गिळला. "नाही."

"मग ही कशी आली?"

"आली. सहज आली असेल बघायला. पोरीला सुचलं."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या माझ्याकडे अशा बघत होत्या. "तू सांग," त्या म्हणाल्या. "कोणाचा आवाज होता?"

पांघरुणाखालून बापूंचा हात माझ्या हातावर आला. तो काय म्हणत होता ते मला कळलं होतं. एक 'माहीत नाही' म्हटलं असतं तर सगळं पुन्हा होतं तसं झालं असतं. मागचं दार, पाटा, खाली घातलेल्या माना. पण काकूंनी विचारलं होतं. एकदाच विचारलं होतं, आणि त्या पुन्हा विचारणार नाहीत हे मला दिसत होतं. माझ्याच्यानं गप्प बसवेना.

"बापूंचा," मी म्हटलं.

"कितीदा?"

"एकदाच. पुढे पाणी तोंडाशी होतं त्यांच्या."

बापूंनी डोळे मिटून घेतले. काकू उभ्याच राहिल्या. मग कोणाला तरी हिशेब समजावून द्यावा तशा म्हणाल्या, "म्हणजे माणूससुद्धा एकदाच मारतं."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला इतकी धास्ती वाटली नसती. त्यांनी पेजेचं भांडं माझ्या हातातून घेतलं, घासून पालथं ठेवलं. न्हाणीघरात जाऊन अंगावरून पाणी घेतलं. ठेवणीतलं लुगडं नेसल्या. मी विचारलं, "कुठे जायचंय, काकू?" त्या म्हणाल्या, "कुठे जातेय मी?" आणि वाती वळत बसल्या.

दिवेलागणीला मुकुंद डॉक्टरांकडून औषध आणायला गेला होता. बापूंचा डोळा लागला होता. मी चुलीपुढे भाताचं आधण बघत होते. पडवीत घंटी वाजली, काकूंनी दिवा लावला असावा. मग पाटा सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, दार लावताहेत. वाटलं, चला, सुटलो, रोजच्यासारखं सगळं चालू झालं. आणि मग पाठीवर गार वारा आला.

दार सताड उघडं होतं. पाटा बाजूला. बाहेर कालच्यासारखंच धुकं. आगरातून, बऱ्याच आतून, काकूंचा आवाज आला. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"ओऽ! ओ गो वेणू! आले हं, बाळ. आले."

इतक्या वर्षांची राहिलेली ओ त्या देत चालल्या होत्या.

मी धावले. कंदील घ्यायचं भान राहिलं नाही. झावळीला अडखळून पडले, गुडघा फुटला, उठले. धुक्यात आधी लुगड्याचा रंग दिसला, मग त्या. विहिरीच्या काठावर, एक पाय खाली पहिल्या चिऱ्यावर टेकवलेला, दुसरा उचलत होत्या. काल जो चिरा निसटला, त्याची रिकामी जागा या पहिल्या चिऱ्याच्या खालीच होती.

मी अजून लांब होते. एक हाक मारण्याइतकाच वेळ होता. 'काकू' म्हणून मारली असती तर फुकट गेली असती. त्या हाकेला त्या घरात तिसऱ्या खेपेशिवाय कोणी वळत नसे. या सगळ्याचा मी तेव्हा विचार केला असं म्हणत नाही. मी घाबरले होते आणि मला माझं माणूस जायला नको होतं, एवढंच. तोंडातून आलं ते आलं.

"आईऽऽ!"

उचललेला पाय तसाच राहिला.

आगरात काही हललं नाही. मी तोंडावर हात दाबून उभी होते. जे म्हणू नकोस म्हणून बजावलं होतं तेच मी म्हटलं होतं, आणि कुठल्या जागी, कुठल्या वेळी. मला वाटलं, मीच ढकललं हिला.

मग आईनं तो पाय मागे घेतला. काठावर टेकवला. दुसराही वर घेतला. धुक्यातून ती माझ्याकडे वळली आणि आवाज कुठून आला ते शोधत राहिली. मी दिसल्यावर कपाळावरचा पदर मागे सारला.

"ओ," ती म्हणाली. "आले गो. एवढी ओरडतेस कशाला?"